बिल्ज पंपाचे तोंड कोठे काढावे?

पावसाळ्याच्या बंदीत बोटी वर काढल्या की मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत दुरुस्तीची एकच धांदल उडते. तळाला रंग लावायचा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, इंजिन खोलायचे. याच दिवसांत बरेच बोटमालक तळाचे पाणी उपसण्यासाठी विजेचा बिल्ज पंप बसवून घेतात. पंप चांगल्या कंपनीचा आणतात. पण ते पाणी समुद्रात टाकण्यासाठी बोटीच्या बाजूला जे भोक पाडून फिटिंग बसवावे लागते, त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. कारागिराला सांगितले जाते, "बघ, सोयीची जागा बघून पाड." खरी चूक येथेच होते.

किनाऱ्यावर बोट रिकामी असते. रंगाची जुनी रेघ पाहून तिच्यावर वीतभर जागा सोडली म्हणजे झाले, असे वाटते. पण हीच बोट डिझेल, बर्फ, जाळी आणि पाच-सात खलाशी घेऊन निघाली की खाली बसते. परतताना मासळीचे वजन असते, आणि जाळे ओढताना ती एका अंगाला कलते ते वेगळेच. म्हणून पाण्याची रेघ मोजायची ती भरलेल्या आणि कललेल्या बोटीची. हंगाम चालू असतानाच, बोट पूर्ण भरलेली असताना, बाहेरून खडूने नव्हे तर रंगाने खूण करून ठेवावी. त्या खुणेत कलण्याची भर घालून तिच्यावर किमान 20 ते 30 सेंटिमीटर उंचीवर भोक यावे.

एवढी उठाठेव कशासाठी? ड्रममधून डिझेल काढताना आपण नळी एकदा तोंडाने ओढतो; मग डिझेल आपोआप वाहत राहते. बोटीतही नेमके तेच घडते. पंप चालला की नळी पाण्याने भरते. पंप थांबला आणि त्या वेळी बाहेरचे तोंड पाण्याखाली असले, तर भरलेल्या नळीतून समुद्राचे पाणी उलटे आत येऊ लागते. अर्धा मीटर खोलीवर 25 मिलिमीटरचे भोक उघडे राहिले तर मिनिटाला सुमारे 55 लिटर पाणी आत शिरते. नळीतून त्याहून थोडे कमी येईल, पण रात्र मोठी असते. पंपाला फ्लोट स्विच असेल तर तो पाणी वाढताच पंप चालू करतो, पाणी बाहेर जाते, पंप थांबतो, पाणी पुन्हा आत येते. असे करता करता बॅटरी उतरते. मग बंदरात उभी असलेली धडधाकट बोट सकाळी पाण्याखाली दिसते आणि सगळे म्हणतात, तळाची फळी सुटली असावी.

काही कारागीर यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. तळाच्या पाण्यात खवले, जाळ्याचे धागे, लाकडाचा भुसा असतो. एखादा धागा अडकला की व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. खरा उपाय उंचीचाच. नळी पंपापासून आधी वर, डेकच्या खालपर्यंत न्यावी आणि तेथून तोंडाकडे उतरवावी. तोंड नाइलाजाने खाली घ्यावे लागत असेल तर या कमानीच्या माथ्यावर हवा आत घेणारा व्हेंट हवाच. नुसती कमान पुरत नाही, कारण एकदा भरलेली नळी कमानीवरूनही पाणी ओढते.

आता फिटिंगविषयी. पैसे वाचवण्यासाठी घरगुती नळाचे पितळी फिटिंग वापरले जाते. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त निघून जाते, धातू गुलाबीसर पडतो आणि एके दिवशी हातात तुकडा येतो. गनमेटल घ्यावे. प्लास्टिकचे चालते, पण साधे प्लास्टिक उन्हाने तडकते. बोटीसाठी बनवलेले मजबूत नायलॉनच घ्यावे. हार्डवेअरचे दुकान चालवणाऱ्या बांधवांनी हा फरक गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगावा.

भोक फळीच्या मध्यावर यावे, दोन फळ्यांच्या सांध्यावर नाही. आतून बरगडीचे लाकूड आडवे येत नाही ना, ते आधी पाहावे. प्रथम बारीक ड्रिलने आरपार खूण करावी, नंतर होल सॉ बाहेरून अर्धा आणि आतून अर्धा चालवावा, म्हणजे ढलप्या निघत नाहीत. भोक आट्यांच्या मापाचे, घट्ट असावे. कापलेल्या कडेचे लाकूड पाणी पिते. तेथे इपॉक्सी लावून वाळू द्यावे. फायबरच्या बोटीत दोन थरांच्या मध्ये लाकूड किंवा फोम असेल तर हे काम अजिबात टाळू नये. आतून नटाच्या खाली, नटापेक्षा मोठा, बाजूच्या गोलाईला बसेल असा लाकडी ठोकळा द्यावा.

सीलंट पॉलियुरेथेनचे वापरावे. सिलिकॉन स्वस्त पडते, पण त्यावर रंग धरत नाही आणि पुढच्या दुरुस्तीत दुसरे काही चिकटत नाही. पॉलिसल्फाइड लाकडाला उत्तम. मात्र काही प्लास्टिक त्याने खराब होते. जागा कोरडी हवी. पावसाळ्यात हेच अवघड असते, म्हणून वर ताडपत्री बांधून काम करावे. सीलंट फिटिंगच्या बाहेरच्या कडेखाली आणि आट्यांवर भरपूर लावावे. बाहेरून एकाने फिटिंग स्थिर धरावे आणि आतून दुसऱ्याने फक्त नट फिरवावा. चारी बाजूंनी सीलंट बाहेर आले की थांबावे. जोर दाखवून आवळले तर सगळे सीलंट बाहेर पिळले जाते आणि सांधा कोरडा राहतो.

नळी आतून गुळगुळीत घ्यावी. वळ्यांच्या नळीत पाणी अडखळते. पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नळी कधीही लावू नये. दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिपा लावाव्यात. त्या भोकात बसेल असा निमुळता लाकडी गुट्टा फिटिंगजवळच दोरीने बांधून ठेवावा.

बोट पाण्यात उतरवल्यावर तळात चार-पाच बादल्या पाणी ओतून पंप चालवावा, थांबवावा आणि दहा मिनिटे तळाकडे पाहत बसावे. पाणी वाढत नसेल तर नटाभोवती कोरडे बोट फिरवून पाहावे. हीच तपासणी बोट पहिल्यांदा मासळी भरून परत येईल तेव्हा, माल उतरवण्याच्या आधी, तांडेलाकडून पुन्हा करून घ्यावी.