हलत्या नावेतील स्थिर दृष्टी

अलिबागजवळच्या थळ गावासमोर, समुद्रात खांदेरी नावाचे बेट आहे. त्या बेटावर १८६७ साली बांधलेले दीपगृह उभे आहे. किनाऱ्यावरील वाळूत पाय रोवून दुर्बिणीतून पाहिले, म्हणजे त्या दीपगृहाचा मनोरा स्पष्ट दिसतो. परंतु तीच दुर्बीण घेऊन होडीत बसावे, होडी लाटांवर डोलू लागावी आणि मग पाहावे! मनोरा क्षणात वर उसळतो, क्षणात खाली बुडतो. पाहणाऱ्याच्या वाट्याला आळीपाळीने केवळ आकाश आणि पाणी येते.

असे का होते? दुर्बीण दूरची वस्तू मोठी करून दाखविते. पण त्याबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा करते. जहाजावरील साध्या दुर्बिणीवर पुष्कळदा '७ × ५०' असे आकडे असतात. वस्तू सात पट मोठी दिसते, हे पहिला आकडा सांगतो. पुढील भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर आहे, हे दुसरा सांगतो. हात अंशाच्या दहाव्या भागाइतकाच हलला, तरी या दुर्बिणीच्या वर्तुळात दृश्य अंशाच्या सात दशांश भागाने सरकते. पौर्णिमेचे चंद्रबिंब सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. म्हणजे दृश्य एका चंद्रबिंबाहूनही अधिक सरकले! दुर्बिणीची शक्ती चौदा पट असेल, तर हे सरकणे दुप्पट होते. म्हणूनच नाविक साध्या दुर्बिणीच्या बाबतीत सात पटींवरच समाधान मानीत आले आहेत.

समुद्रावर दूरचे नीट दिसणे ही केवळ मौजेची गोष्ट नव्हे. आपल्याकडील बंदरांत शिरताना वाटेच्या डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा बोया असतो. त्यांची ओळख चुकली, तर नाव खडकावर जाण्याचा धोका असतो. पाण्यात पडलेल्या माणसाचे डोके तर लाटांमध्ये एखाद्या नारळाएवढेच दिसते. ते वेळीच दिसले, तर त्याचे प्राण वाचतात.

या अडचणीवर थोर थोर शास्त्रज्ञांनी विचार केला. १६१० साली गॅलिलिओ यांना गुरूभोवती फिरणारे चार चंद्र आढळले. या चंद्रांच्या ग्रहणांवरून जहाजाला आपला रेखांश कळू शकेल, असे त्यांच्या मनात आले. पण डोलत्या जहाजावरून ते इवलेसे चंद्र पाहावयाचे कसे? त्यांनी दुर्बीण जोडलेले एक शिरस्त्राण तयार केले आणि १६१७ साली इटलीतील लिव्होर्नो बंदरात त्याचा प्रयोग केला. तथापि नाविकांच्या नित्य उपयोगात ते कधीच आले नाही. पुढे १७६३ साली इंग्रज ज्योतिर्विद मॅस्कलिन बार्बाडोस बेटाकडे निघाले, तेव्हा जहाज हलले तरी स्थिर राहावी अशी टांगती खुर्ची त्यांच्याबरोबर देण्यात आली होती. तीत बसून त्यांनी पाहिले. पण खुर्ची कुचकामी ठरली. रेखांशाचा प्रश्न पुढे अचूक घड्याळांनी सुटला. नावेतून स्थिर पाहण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

या सर्वांचा प्रयत्न पाहणाऱ्या माणसाला स्थिर करण्याचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निराळा मार्ग सापडला. नाव हलू द्यावी, हातही हलू द्यावा. दुर्बिणीत शिरणारा प्रकाशकिरण तेवढा सावरावा! यासाठी काही दुर्बिणींत वेगाने फिरणाऱ्या चक्राचा उपयोग करतात. फिरता भोवरा जसा आपला आस सहजासहजी सोडीत नाही, तसेच हे चक्रही आपली दिशा राखते आणि त्याला जोडलेले लोलक स्थिर ठेवते. १९९० च्या दशकात दुसऱ्या एका प्रकारच्या दुर्बिणी आल्या. त्यांच्या प्रत्येक नळीत काचेच्या दोन चकत्या असून त्यांच्यामध्ये घडीच्या भात्यासारखी लवचिक भिंत असते. आत पारदर्शक द्रव भरलेला असतो. हात हलताच विजेवर चालणारे सूक्ष्म यंत्र तो कंप ओळखते व चकत्या किंचित तिरप्या करते. मग किरण नेमका हवा तितका वळतो आणि दृश्य जागच्या जागी राहते.

अशी दुर्बीण हाती आली, म्हणून सर्व काम तिच्यावर सोपवून चालत नाही. या जातीच्या काही दुर्बिणी अंशाच्या आसपासचीच हालचाल सावरतात, काही पाच-सहा अंशांपर्यंतची. नावेचे मोठे हेलकावे माणसाच्या शरीरालाच सोसावे लागतात. याकरिता दोन्ही पायांत अंतर ठेवावे, गुडघे किंचित वाकवावेत व कोपरे छातीशी टेकवावेत. इंजिनाने थरथरणाऱ्या कठड्याला टेकू नये, कारण ती थरथर हातांत उतरते. हवी ती वस्तू प्रथम नुसत्या डोळ्यांनी शोधावी. नजर न हलविता दुर्बीण डोळ्यांपुढे आणावी. मग कळ दाबून दृश्य स्थिर होईपर्यंत क्षणभर थांबावे. फार वेळ दुर्बिणीतच पाहत राहिल्यास मळमळू लागते. तेव्हा ती खाली घेऊन क्षितिजाकडे पाहावे.

दुर्बिणीचा पट्टा नेहमी गळ्यात असावा. भिंगांवर खारे पाणी उडाल्यास ती कोरड्या फडक्याने घासू नयेत. मिठाच्या कणांनी काचेवर ओरखडे उठतात. गोड्या पाण्याने ओला केलेला मऊ कपडा हलकेच फिरवावा. दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र कदापि पाहू नये. त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते.

विद्युत्घट संपला की ही नवी दुर्बीण साध्या दुर्बिणीसारखीच होते, आणि तिची शक्ती अधिक असल्यास दृश्य अधिकच नाचू लागते. म्हणून सावध नाविक जादा विद्युत्घट जवळ बाळगतो आणि जुनी सात पटींची दुर्बीणही नावेवर ठेवतो. दुर्बिणीतून आकाशाचा व पाण्याचा लहानसा तुकडाच दिसतो, हेही तो विसरत नाही. बोयाचा रंग निश्चित कळला, की तो दुर्बीण गळ्यात सोडतो आणि उघड्या डोळ्यांनी चोहोकडे पाहत नाव बंदराकडे वळवितो.