कुंपणाआडचा ऑक्सिजन : नक्कल करून काय कळतं?

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. आणि पुरावा म्हणून दृष्टांत देतो तो स्वयंपाकघराचा. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "माणसाने मुद्दाम बनवलेली वस्तू निसर्गातल्या वस्तूचा दृष्टांत होऊ शकते का?" प्रश्न मोठा आहे. आज आपण त्याच्याकडे रसायनशास्त्राच्या वाटेने जाऊ. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, तेव्हा रसायन हे उसनं घेतलेलं आहे. पण उसनं घेतलेलं नीट वापरून परत करावं, एवढं पथ्य पाळू.

जैवप्रेरित असेंद्रिय रसायनशास्त्र नावाची एक शाखा आहे. नाव जड आहे, कल्पना साधी. आपल्या शरीरात लोह, तांबं, जस्त असे धातू फार नाजूक कामं करत असतात. ती कामं समजून घ्यायची आणि तशीच कामं करणारे छोटे रेणू प्रयोगशाळेत बांधायचे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेम्स कॉलमन यांचं संशोधन हे त्याचं उत्तम उदाहरण.

आधी अडचण काय होती ते बघू. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये हीम नावाचा एक चपटा, थाळीसारखा भाग असतो. थाळीच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. फुप्फुसात तो ऑक्सिजन धरतो आणि शरीरात जाऊन सोडतो. धरणं आणि सोडणं, दोन्ही महत्त्वाचं. आता हा हीम प्रथिनातून बाहेर काढून द्रावणात ठेवला आणि ऑक्सिजन दिला, तर काय होतं? एका थाळीतल्या लोहाने धरलेला ऑक्सिजन दुसऱ्या थाळीतलं लोहही पकडतं. दोन थाळ्यांमध्ये पूल तयार होतो आणि शेवटी लोहाचं कायमचं ऑक्सिडीकरण होतं. म्हणजे बघा, लोखंड गंजावं तसंच काहीसं. धरलं, पण सोडता येत नाही.

मग शरीरात असं का होत नाही? अंदाज असा होता की, प्रथिनाच्या घडीमुळे दोन हीम एकमेकांजवळ येऊच शकत नाहीत. अंदाज पटण्यासारखा आहे. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

कॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात काय केलं, तर थाळीच्या एका बाजूला चार खुंट उभे केले, कुंपणासारखे. म्हणून त्या रेणूला 'पिकेट फेन्स पॉर्फिरिन' म्हणतात. काम सोपं नव्हतं, बरं का. प्रत्येक खुंट थाळीच्या वर किंवा खाली, कुठेही जाऊ शकतो. चार नाणी उडवली, तर चारही सारखी पडण्याची शक्यता आठात एक, तसंच इथे. हवा तो प्रकार मिश्रणातून वेगळा काढावा लागतो. थाळीची दुसरी बाजू इमिडॅझोल नावाच्या रेणूने अडवली. आता ऑक्सिजन फक्त कुंपणाच्या आत येऊ शकतो आणि दुसरी थाळी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. परिणाम काय? खोलीच्या तापमानाला या रेणूने ऑक्सिजन धरला आणि सोडलाही. प्रथिन नाही, रक्त नाही. फक्त लोह आणि कुंपण.

आपल्या परंपरेत याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कुंपण आहे तिथे लोह टिकतं, कुंपण नाही तिथे लोह बिघडतं. डोंगराजवळ न जाता अग्नीबद्दल बोलायचं, तर स्वयंपाकघर हवं. इथे ते स्वयंपाकघरच बांधलं गेलं.

आणखी एक लाभ झाला. ऑक्सिजनचा रेणू लोहाला कसा चिकटतो, यावर वाद होता. लायनस पॉलिंग यांचं म्हणणं, तो एका टोकाने आणि वाकून चिकटतो. ग्रिफिथ यांनी 1956मध्ये म्हटलं, तो आडवा बसतो. पिकेट फेन्सचे स्फटिक करून क्ष-किरणांनी पाहिलं, तेव्हा ऑक्सिजन टोकाने जोडलेला आणि वाकलेला दिसला. नक्कल हाताशी होती, म्हणून मुळाबद्दलचा वाद पुढे सरकला.

इथे थांबलो असतो, तर गोष्ट फार गोड झाली असती. पण खरी शिकवण पुढे आहे.

बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू राहिला आणि माणूस दगावला, अशा बातम्या आपण वाचतो. त्यामागे असतो कार्बन मोनॉक्साइड. सुटा हीम या वायूला ऑक्सिजनपेक्षा सुमारे 20,000 पट घट्ट धरतो. हिमोग्लोबिनमध्ये हे प्रमाण सुमारे 200 पटींवर येतं. आपल्या शरीरातही हीम मोडताना थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच, त्यामुळे हा फरक जीवनमरणाचा आहे. हा फरक कशामुळे? कॉलमन यांच्या गटाने 1976मध्ये सुचवलं की, प्रथिनात जागा अडचणीची असते. सरळ उभा राहू पाहणारा कार्बन मोनॉक्साइड तिथे वाकवला जातो, म्हणून त्याची पकड सैल होते. कुंपणाच्या कल्पनेतून आलेलं हे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत गेलं आणि अनेक वर्षं राहिलं.

पुढे प्रथिनातले घटक एकेक बदलून पाहिले गेले. तेव्हा दिसलं की मोठा वाटा अडचणीचा नाही. शेजारचा हिस्टिडीन हायड्रोजन-बंधाने ऑक्सिजनला आधार देतो, कार्बन मोनॉक्साइडला तसा आधार फारसा मिळत नाही. निसर्ग एकाला ढकलत होता त्यापेक्षा जास्त दुसऱ्याचा हात धरत होता.

यातून आपण काय घ्यायचं? चालणारी नक्कल एवढंच सांगते की, 'इतकं असलं तर पुरतं.' निसर्गही तसंच करतो, हे ती सांगत नाही. विमान उडतं म्हणून पक्ष्याचं उडणं समजलं, असं होत नाही. अर्थात म्हणून नक्कल वाया जात नाही. चुकीचं स्पष्टीकरणसुद्धा नेमकं असेल तरच तपासता येतं, आणि 'जागा अडचणीची आहे' हे विधान तपासता येण्याइतकं नेमकं होतं.

कॉलमन तिथे थांबले नाहीत. पेशीतला जो विकर ऑक्सिजनचं पाणी करतो, त्याची प्रतिकृती त्यांच्या गटाने 2007मध्ये सोन्याच्या विद्युदग्रावर बसवून तपासली. लोह, तांबं आणि फिनॉल, तिन्ही एकत्र असताना ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन पटकन मिळतात आणि त्याचं पाणी होतं. तांबं आणि फिनॉल काढून घेतले, तर अर्धवट क्रिया होऊन घातक पदार्थ वाढतात. पुन्हा तोच अन्वय-व्यतिरेक.

तेव्हा त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं: हो, बनवलेली वस्तू दृष्टांत होऊ शकते. मात्र दृष्टांत दिल्यावर डोंगरावर जाऊन बघण्याची जबाबदारी संपत नाही. मागच्या पिढ्यांनी स्वयंपाकघराचा दृष्टांत दिला, तेव्हा त्यांनाही ठाऊक होतं की डोंगरावर चूल नसते.

पुढच्या वेळी आपण 'पुरेसं कारण' आणि 'खरं कारण' यांतला फरक अधिक खोलात पाहू.