अंगठ्याचा नियम

करंजीच्या पिठात मोहन किती घालावे? आमच्या घरचे उत्तर सोपे आहे. मोहन चोळलेले पीठ मुठीत दाबावे. मूठ वळली की पुरे. अशी एखादी युक्ती सांगताना ‘रूल ऑफ थंब’ असे म्हणून सुरुवात करण्याची मला जुनी खोड. कोणी हसले तरी ती जात नाही.

गेल्या दिवाळीत वकिलीचा अभ्यास करणारी माझी पुतणी फराळाला आली होती. मी तोंड उघडताच ती म्हणाली, “काका, तो शब्द तेवढा नका वापरू. अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीनं नवऱ्यानं बायकोला मारावं, असा इंग्लंडात कायदा होता. त्यावरून आलाय तो.”

करंजी हातातच राहिली. इतकी वर्षे मी हे काय बोलत होतो?

मग पुस्तके धुंडाळली. हा वाक्प्रचार सतराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात आढळतो. तिथे त्याचा अर्थ, काटेकोर मापाऐवजी सरावाच्या अंदाजाने केलेले काम, एवढाच. काठीची कथा निराळी. १७८२ साली फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाने तसे मत दिल्याचा बोभाटा झाला आणि जेम्स गिलरे या चित्रकाराने काठ्या विकणारा ‘जज थंब’ रेखाटून त्याची टर उडवली. पण बुलर तसे बोलल्याचा पुरावा मिळत नाही आणि तसा कायदाही इंग्लंडात नव्हता. वाक्प्रचाराची आणि काठीची गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९८२ साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने मारहाण झालेल्या स्त्रियांविषयी अहवाल काढला, त्याच्या नावातच हे शब्द होते.

मी विजयी मुद्रेने पुतणीला हे सांगितले. तिने शांतपणे विचारले, “म्हणजे बायकोला मारणं कोर्टाला कधी चाललंच नाही?”

पुन्हा पुस्तक उघडावे लागले. १८६८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात बायकोला छडीने मारणारा एक नवरा सुटला. छडी अंगठ्याहून बारीक होती. वरच्या कोर्टाने अंगठ्याचे माप मानले नाही. पण गंभीर इजा नसेल तर घरातल्या भांडणात आम्ही पडणार नाही, असे सांगून सुटका मात्र कायम ठेवली. नवऱ्याला असा हक्कच नाही, हे त्याच कोर्टाने १८७४ साली बजावले.

शब्द निर्दोष सुटला, पण मार खरा होता. पुतणीने शब्दाचे मूळ ऐकीव अंदाजाने सांगितले आणि मीही तितक्याच घाईने जिंकल्याचा आनंद मानला. दोघेही अंगठ्यानेच मोजत होतो. पिठाला तेवढे माप पुरते. माणसांच्या दुःखाला पुरत नाही.

हल्ली मी ‘ठोकताळा’ म्हणतो. आपला शब्द आहे, आणि स्वयंपाकघरात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.