पाण्याचा ठेका आणि पाण्याचा हिशेब

खोडदला जग ओळखते ते महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. गावाच्या रोजच्या जगण्यातला प्रश्न मात्र जुन्नरच्या इतर गावांसारखाच: नळाला पाणी कधी येणार? पाणी वेळेवर आले नाही की कुणी म्हणतो, ‘देऊन टाका कंपनीला’. लगेच दुसरा म्हणतो, ‘मग लूटच’. दोन्ही म्हणणी तपासायला हवीत.

गैरसमज १: कंत्राटदाराने टाकी बांधली, म्हणजे योजना खासगी झाली.
वस्तुस्थिती: जलजीवन मिशनमध्ये कंत्राटदार योजना बांधून देतो, पुढे ती चालवायची गावाने. पाणीपट्टी ठरवणे, पंपाचे वीजबिल भरणे, पाण्यात टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर टाकणे ही कामे ग्रामपंचायतीची. शेवटच्या नळाला ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले, तरच तिथवर क्लोरीन पोचले असे समजायचे.

गैरसमज २: कंपनी आली की नळही तिचे, दरही तिचे.
वस्तुस्थिती: नागपूरचा पाणीपुरवठा २०१२ मध्ये २५ वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटरकडे गेला. जलवाहिन्या महापालिकेच्याच राहिल्या, दरही तीच ठरवते. कंपनीला मोबदला मिळतो तो बिल झालेल्या पाण्यावर. त्यामुळे गळती कमी करण्यात तिचाही फायदा असतो.

गैरसमज ३: खासगी म्हणजे आपोआप कार्यक्षम.
वस्तुस्थिती: त्याच नागपुरात शहरभर २४ तास पाणी देण्याचे उद्दिष्ट दशक उलटले तरी पुरे झाले नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत ‘समांतर’ योजनेखाली २०१४ मध्ये पाणीपुरवठा कंपनीकडे गेला. २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. जायकवाडीहून यायची नवी जलवाहिनी रखडली आणि शहर काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावरच राहिले.

गैरसमज ४: सरकारी यंत्रणेला २४ तास पाणी जमणारच नाही.
वस्तुस्थिती: कराडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने ते करून दाखवले. प्रत्येक जोडणीला मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा चढता दर लावला. नळाला कधीही पाणी येते म्हटल्यावर साठवण्याची आणि उरलेले ‘शिळे’ पाणी ओतून देण्याची गरज राहत नाही. वाहिनी सतत भरलेली असल्याने फटींतून बाहेरची घाणही आत ओढली जात नाही.

तेव्हा ठेका कुणाला, हा वाद घालण्याआधी ग्रामसभेत तीन आकडे मागावेत: महिन्याला पाणी किती उपसले, घरोघरी किती पोचले आणि पाणीपट्टी किती वसूल झाली? हे आकडे ज्या गावाकडे नाहीत, त्याला ना आपली योजना धड चालवता येईल, ना कंपनीला जाब विचारता येईल.