दोष कमरेचा नाही, सीटचा!

बाईकवरून शंभर किलोमीटर गावी गेल्यावर उतरताना कंबर धरावी लागते ना? मित्रांनो, मऊ फोम बसताक्षणी दबतो आणि हाडं थेट खालच्या बेसवर टेकतात. म्हणून खाली कडक रीबॉन्डेड फोम, वर फक्त इंचभर मऊ थर.

सीट काढा, रेक्झिनच्या पिना उपसा. फोम हॅक्सॉ ब्लेडने कापा, सोल्यूशनने चिकटवा, कडा सँडपेपरने घासा. वरून प्लॅस्टिकचा कागद हवाच, नाहीतर पावसाळ्यात फोम पाणी पितो. रेक्झिन आधी पुढून, मग मागून, शेवटी बाजूंनी ताणून पिना मारा. पिना आखूडच घ्या. लांब असल्या तर आरपार निघून टोचतात.

निघण्याआधी सीट हलवून बघा. लॉक नीट बसलं नसेल तर सीटसकट तुम्हीही घसराल!