हिरडीचें कलम

वेडेवांकडे दांत सरळ करण्यासाठीं मुलांना तारा बसविण्याची चाल आतां आपल्या घरांतून चांगलीच रुळली आहे. एकाला तारा लागल्या कीं चुलत भावंडांपैकीं दुसरें आपण होऊन तोंड दाखवावयास पुढें येतें. यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु आमच्या घरीं दोन वर्षांपूर्वीं जें घडलें, तें वाचकांच्या कानांवर घालावेंसें वाटतें.

माझ्या पुतणीच्या खालच्या पुढल्या दांतांची गर्दी तारांनीं वर्षभरांत सुटली. सर्व मंडळी खूष होती. एके दिवशीं जेवतांना आमच्या मातोश्री तिला म्हणाल्या, "अग, तुझा हा एक दांत लांब कसा ग दिसतो?" दांत लांब झाला नव्हता, हिरडी खालीं सरून पिंवळसर मूळ उघडें पडलें होतें. थंड पाणी लागतांच ती कळवळत असे. कोणास सांगितलें मात्र नव्हतें.

असें कां व्हावें? दांत हाडांत खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांमध्यें तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेच्या मंद दाबानें मूळ ज्या बाजूस रेटलें जातें तेथील हाड झिजतें आणि मागल्या बाजूस नवें भरतें. दांत सरकतो तो असा. पण खालच्या पुढल्या दांतांसमोर, ओठाच्या बाजूस, हाडाचा पडदा मुळांतच फार पातळ असतो. कित्येकांत तर वरच्या कांठाशीं तो नसतोच. दांत हाडाच्या हद्दींत राहून सरकला तर हिरडीस सहसा धक्का लागत नाहीं. हद्दीबाहेर गेला म्हणजे मुळावर केवळ हिरडीचें पांघरूण उरतें. तें जाड असेल तर टिकतें. पातळ असेल, आणि त्यांतून तारांभोंवतीं कीटण सांचत असेल किंवा ब्रश रगडून फिरत असेल, तर तें सरतें.

प्रश्न मूळचा जागेचा आहे. अमेरिकेंत एडवर्ड अँगल (मृत्यु १९३०) यांचा आग्रह असे कीं, एकही दांत न काढतां सर्व दांत कमानींत बसवावे. त्यांचेच शिष्य चार्लस ट्वीड यांनीं प्रथम तसेंच केलें. परंतु दांत पुढें झुकलेले व पुन्हां वांकडे झालेले पाहून आपल्याच रुग्णांच्या उपदाढा काढून त्यांनीं उपचार नव्यानें केले. गुरूचें आणि स्वतःचेंही मत असें खोडावयास छाती लागते. वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं, व प्रत्येक मुलाचे दांत काढावे असें माझें म्हणणें नाहीं. पण दांत काढावा लागत नाहीं म्हणून हर्ष मानणाऱ्या आईबापांनीं "मग ही जागा कोठून येणार?" एवढें विचारावें. आम्हीं विचारलें नव्हतें.

पुतणीच्या हिरडीचें कलम करावें लागलें. 'कलम' म्हणतांच मातोश्रींना कोंकणांतला हापूस आठवला, आणि उपमा अगदींच वावगी नव्हती. टाळूला, सुळा आणि पहिली मोठी दाढ यांच्यामधल्या भागांत, वरची त्वचा जागीं ठेवून तिच्याखालचा दीडएक मिलिमीटर जाडीचा थर काढतात. तो उघड्या मुळावर बसवून वरून हिरडी ओढून टांके घालतात. लँगर आडनांवाच्या दोघां दंतवैद्यांनीं १९८५ मध्यें मुळें झांकण्याची ही रीत प्रसिद्ध केली. पहिले दोन-तीन दिवस त्या तुकड्यांत रक्त खेळत नसतें. खालून झिरपणाऱ्या रसावर तो जगतो, मग नव्या केशवाहिन्या त्यांत शिरतात. तेवढ्यांत तो हालला तर सारें फुकट. म्हणून ओठ ओढून पाहण्याची सक्त मनाई. पुतणीला मोह आवरेना, तेव्हां आजीनें आरसाच कपाटांत घालून कुलूप लावलें. चार दिवस गार दहींभात झाला, टाळूची जखम भरली, आणि मूळ बहुतेक झांकलें गेलें. शेजारच्या दांतांमधलें हाड शाबूत होतें म्हणून. तें खचलें असतें तर एवढी आशा नव्हती.

यंदा धाकट्या पुतण्याच्या तारांचें निघालें. या वेळीं दंतवैद्यांनीं आधीं हिरडीच्या खांचेंत बारीक सळई अलगद घालून पाहिली. जाड हिरडींतून ती दिसत नाहीं. याच्या हिरडींतून तिची धातूची छटा स्पष्ट दिसली. खालचे दांत पुढें न ढकलतां उपदाढा काढण्याचें ठरलें आहे. मातोश्रींना तें अजून पटलेलें नाहीं.