शेकड्याचा भाव आणि पेंढीचं वजन

“यंदा कडबा स्वस्तात पडला. शेकड्यामागं पाचशे रुपये कमी दिले.” फाल्गुन लागला की हे वाक्य ऐकू येतं. मी दरवेळी विचारतो, पेंढी किती किलोची? “आता पेंढी म्हणजे पेंढी,” असं उत्तर मिळतं.

पेंढी म्हणजे पेंढी नसते. बांधणाऱ्याच्या कवेत किती ताटं आली, ताट जाड की बारीक, ज्वारी काळ्या रानातली की मुरमाड माळावरची, पाऊस किती झाला, या सगळ्यावर तिचं वजन ठरतं. समजा, एका गंजीतल्या शंभर पेंढ्या 2000 रुपयांना मिळाल्या आणि पेंढी भरली दीड किलो. 150 किलो वैरण झाली, किलोला 13 रुपयांच्या वर पडली. शेजारच्या गंजीचा भाव 2500, पण पेंढी अडीच किलोची. तिथं किलोला 10 रुपये. ज्याला आपण महाग म्हणून सोडून आलो, तोच कडबा स्वस्त होता. दोन गायींच्या मालकाला वर्षाकाठी हा फरक हजारोंनी सोसावा लागतो, आणि आपण तो सोसतोय हे त्याला कळतही नाही. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा उचलून ताणकाट्याला लावायला दोन मिनिटं लागतात. तेवढी दोन मिनिटं का काढत नाही आपण?

वजन करतानाही ताट मोडून पाहावं. वाळलेलं ताट कडकन मोडतं. ते नुसतं वाकलं, तर कडब्यात ओल आहे, म्हणजे पाण्याचेही पैसे आपणच देतोय. असा कडबा गंजीत बुरशी धरतो.

हिरव्या चाऱ्याचा गैरसमजही याच पाण्यातून आलेला आहे. “हिरवी मका 4 रुपये किलो आणि कडबा 10 रुपये, मग मका परवडते,” हे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. हिरव्या मक्यात साधारण 80 टक्के पाणी असतं आणि वाळलेल्या कडब्यात 10 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 4 रुपये किलोच्या मक्यातला कोरडा अंश 20 रुपये किलोनं पडतो, तर 10 रुपये किलोच्या कडब्यातला 11 रुपयांनी. जनावराचं पोट कोरड्या अंशावर मोजायचं असतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची 2013 ची पशुपोषण मानकं काढून पाहा, तिथंही हिशेब शुष्क पदार्थाचाच आहे. 400 किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला 10 ते 12 किलो शुष्क पदार्थ लागतो. तो नुसत्या हिरव्या मक्यातून द्यायचा, तर रोज 50 ते 60 किलो मका विकत आणावी लागेल.

यावरून कुणी हिरवा चारा बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. कडब्यात प्रथिनं फार थोडी असतात. लसूणघासात ती कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरतात, शिवाय जीवनसत्त्व ‘अ’ जनावराला मुख्यतः हिरव्यातून मिळतं. पोट भरायला कडबा आणि कस भरायला हिरवं, असे दोन वेगळे खर्च धरले की भाव आपोआप समजायला लागतो.

उसाचे वाढे ‘जवळजवळ फुकट’ असतात, हेही खरं नाही. त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली गाय दुधाला आणि गाभण राहायला मागं पडते. वाढे दुसऱ्या वैरणीत मिसळून द्यावेत, सोबत खनिज मिश्रण द्यावं, आणि त्याचा खर्च वाढ्यांच्याच नावावर लिहावा.

युरिया लावलेल्या भातपेंढ्यानं जनावर मरतं, हे अर्धवट ऐकलेलं आहे. जनावर मरतं ते युरिया तसाच खाल्ल्यानं. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया पाण्यात पुरता विरघळवून शिंपडला, तो पेंढा हवाबंद करून 21 दिवस ठेवला आणि खायला घालण्याआधी थोडा वारा दिला, तर निकृष्ट पेंढ्याचा कस वाढतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना मात्र तो देऊ नये.

शेळी काहीही खाते म्हणून तिला वैरण विकत घ्यावी लागत नाही, असं म्हणणाऱ्यानं मे महिन्यातला माळ एकदा पाहावा.

एक गैरसमज मात्र मला खुपतो. “गरीब माणूस हंगामात वैरण भरत नाही, आळस करतो, मग जेठात दुप्पट भावानं घेतो.” रब्बीची ज्वारी निघते तेव्हा, फेब्रुवारी-मार्चात, कडबा स्वस्त असतो हे त्यालाही ठाऊक आहे. पण दुधाचा पगार दहा दिवसांनी हातात येतो आणि तो किराण्यात जातो. वर्षाची वैरण एकदम घ्यायला रोकड नसते, आणि घेतली तरी पावसापासून झाकायला जागा नसते. तीन-चार घरांनी मिळून एक ट्रॉली आणली, तर भाडं वाटलं जातं आणि पेंढ्या मोजून घेण्याऐवजी भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर नेता येते. त्याच घरांना मिळून एक कडबाकुट्टीही घेता येते. अख्खी पेंढी टाकली की सकाळी गव्हाणीत जाड बुडख्यांचं चघाळ उरतं. एक दिवस ते चघाळही काट्याला लावून पाहा. त्याचेही पैसे आपणच मोजलेले असतात.